यंत्रांच्या भाषेंतील ‘अमुक’

हल्लीं पांढरपेशा वर्गांत असें घर विरळाच सांपडेल, कीं ज्यांतील एखादा मुलगा, लेक, सून अथवा भाचा संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याच्या व्यवसायांत नाहीं. हिंजवडीपासून थेट अमेरिकेपर्यंत हीं मुलें पसरलेलीं आहेत. त्यांचा पगार, त्यांचा प्रवास आणि त्यांचीं जागरणें यांची घरांत सर्वांस माहिती असते. परंतु ‘तूं दिवसभर करतोस तरी काय?’ असें आजोबांनीं विचारलें, कीं सांगणाराची जीभ अडखळते व ऐकणाराचें समाधान होत नाहीं. वास्तविक या विद्येंतील कांहीं कल्पना आपल्या ओळखीच्या आहेत. केवळ त्यांचीं नांवें परकीं आहेत. त्यांपैकीं ‘इंटरफेस’ आणि ‘जेनेरिक्स’ या दोन कल्पनांचा परिचय वाचकांस करून द्यावा, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. आरंभींचे प्रोग्राम म्हणजे यंत्रास एकापुढें एक द्यावयाच्या आज्ञांच्या लांबलचक याद्या असत. माहिती एकीकडे, तिच्यावर करावयाचीं कामें दुसरीकडे, असा प्रकार होता. नॉर्वेची राजधानी ओस्लो येथील ओले-योहान डाल व क्रिस्टेन निगार्ड या दोघां संशोधकांनीं ‘सिम्युला’ नांवाची भाषा रचिली. तिच्या १९६७ सालच्या आवृत्तींत माहिती व तिचीं कामें एकत्र बांधण्याची रीति पुढें आली. अशा बांधलेल्या वस्तूस ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात, व तिच्या सांच्यास ‘क्लास’ म्हणतात. नैयायिकांच्या भाषेंत सांगावयाचें, तर क्लास ही जाति आणि ऑब्जेक्ट ही व्यक्ति. बँकेंतील ‘खातें’ ही जाति. आपलें प्रत्येकाचें खातें ही व्यक्ति. शिल्लक किती ही त्या खात्याची माहिती. पैसे जमा करून घेणें, मागितल्यास देणें, हीं त्याचीं कामें.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. परंतु मोठा प्रोग्राम एकट्या माणसाच्या हातचा नसतो. शेंकडों माणसें, निरनिराळ्या शहरांत बसून, वर्षानुवर्षें त्याचे भाग लिहीत असतात. एका भागानें दुसऱ्याच्या पोटांत हात घालून काम करण्याची संवय लावून घेतली, तर एक वीट बदलतांना सबंध इमारत हलते. यावर उपाय काय?

आपल्या श्रौत ग्रंथांत यज्ञाचें वर्णन पाहावें. होता, अध्वर्यु, उद्गाता, ब्रह्मा अशीं पदें तेथें सांगितलेलीं आहेत. अध्वर्यूनें काय करावें हें ठरलेलें आहे; परंतु अध्वर्यु कोण्या गांवचा, कोणाचा पुत्र, हें ग्रंथांत लिहिलेलें नसतें. तें काम जो यथासांग जाणतो, तो त्या पदावर बसूं शकतो. ग्रंथकारास व्यक्तीशीं कर्तव्य नाहीं, पदाशीं आहे. इंटरफेस म्हणजे नेमकें असें पद होय. त्यांत कामांची केवळ नांवें असतात, आणि प्रत्येक कामास काय द्यावयाचें व त्यांतून काय परत मिळावयाचें, एवढेंच लिहिलेलें असतें. काम कसें करावयाचें हें पद स्वीकारणाऱ्या क्लासनें आपलें आपण पाहावें.

समजा, बँकेच्या प्रोग्रामांत ‘निरोप्या’ असें एक पद निर्माण केलें, व त्याचें काम एकच ठरविलें: मजकूर ग्राहकास पोंचविणें. मग मोबाइलवर लघुसंदेश पाठविणारा क्लास तें पद घेऊं शकतो, व ई-मेल पाठविणाराहि घेऊं शकतो. ज्या भागास निरोप पाठवावयाचा आहे, तो निरोप्याच्या पदापुरतेंच बोलतो. उद्यां तिसरा मार्ग निघाला, तर नवा निरोप्या नेमावा. जुन्या लिखाणास हात लावण्याचें कारण पडत नाहीं.

‘जावा’ ही भाषा अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९९५ सालीं प्रसिद्ध केली. तिच्यांत एक नियम आहे तो कुटुंबवत्सल वाचकांस तत्काळ पटेल. एका क्लासला जन्मदाता क्लास एकच असतो; परंतु इंटरफेस तो हवे तितके स्वीकारूं शकतो. घरांतील कर्ता पुरुष एकाच बापाचा मुलगा असतो. पण तोच कचेरींत हिशेबनीस, शाळेच्या मंडळांत चिटणीस आणि भजनांत पेटीवाला असूं शकतो. वंश एक, पदें अनेक.

आतां दुसऱ्या कल्पनेकडे वळूं. प्रोग्राम लिहितांना वस्तूंचा समूह एकत्र ठेवण्याचा प्रसंग पदोपदीं येतो. जावाच्या पहिल्या नऊ-दहा वर्षांत यासाठीं जे डबे होते, त्यांवर चिठ्ठी नसे. डब्यांत कांहींहि टाकावें. बाहेर काढतांना मात्र ‘ही साखर आहे’ असें लिहिणारानें स्वतःच्या जबाबदारीवर सांगावें. डब्यांत मीठ निघालें, तर तें कळावयाचें केव्हां? प्रोग्राम लिहितांना नव्हे, तो चालूं असतांना. म्हणजे चहा पाहुण्यांच्या हातीं गेल्यावर! प्रत्येक पदार्थासाठीं निराळा डबा घडवावा, तर एकाच घडणीचे शंभर डबे पुनःपुन्हां घडवावे लागणार, व एकांतील चूक दुरुस्त केली तरी नव्याण्णवांत ती तशीच राहणार.

या पेंचांतून सुटण्याची युक्ति आपल्या पूजेच्या पोथींत आहे. संकल्पाच्या ठिकाणीं पोथींत कोणाचेंहि गोत्र वा नांव छापलेलें नसतें; तेथें ‘अमुक’ असें लिहिलेलें असतें. पोथी एक, यजमान हजार. मात्र एका घरीं ‘अमुक’च्या जागीं काश्यप म्हटलें, कीं त्या कर्माच्या अखेरपर्यंत तेथें काश्यपच, मध्येंच वसिष्ठ येऊन चालत नाहीं. जेनेरिक्सचें मर्म एवढेंच आहे. डबा एकदांच घडवावयाचा, तो ‘अमुकाचा डबा’ म्हणून. वापरणारानें त्यावर ‘साखरेचा’ अशी चिठ्ठी लावावयाची. आणि नंतर कोणी त्यांत मीठ टाकूं लागला, तर प्रोग्राम तपासून त्याचें यंत्रभाषेंत रूपांतर करणाऱ्या ‘कंपायलर’नें त्यास तेथेंच अडवावयाचें. चूक तीच, परंतु ती पाहुण्यांपुढें न उघडतां कोठीच्या दारांत उघडते.

ही कल्पना मूळची जावाची नव्हे. एडिंबरो येथें रॉबिन मिल्नर यांची ‘एमएल’ आणि अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत बार्बरा लिस्कोव्ह या विदुषींची ‘क्लू’, या भाषांत ती १९७० नंतरच्या दशकांतच आलेली होती. जावांत ती आली २००४ सालीं, आणि ती आणतांना जो प्रश्न उभा राहिला तो एकत्र कुटुंबांत राहणारांस परिचयाचा आहे. तोंपर्यंत जगभर जावाचे असंख्य प्रोग्राम चालूं होते, व त्यांत चिठ्ठी नसलेले डबे होते. नवी शिस्त आणावी, तर जुन्यांचें काय करावें?

जावाच्या कर्त्यांनीं असा मार्ग काढला, कीं कंपायलरनें चिठ्ठ्या काटेकोरपणें तपासाव्या, आणि तपासणी संपल्यावर पुसून टाकाव्या. त्यामुळें चालत्या प्रोग्रामाच्या दृष्टीनें जुना डबा व नवा डबा एकच ठरला, आणि वडिलांचें जुनें घर न पाडतां मुलांस नव्या रीतीनें राहतां आलें. याची किंमतहि पडली: प्रोग्राम चालूं असतां ‘हा डबा कशाचा?’ असें नुसत्या डब्याला विचारून उत्तर मिळत नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या ‘सी शार्प’ या भाषेनें २००५ सालीं दुसरी वाट धरली. तिनें चिठ्ठ्या अखेरपर्यंत कायम ठेवल्या, आणि जुन्या डब्यांच्या शेजारीं नव्या डब्यांची निराळी मांडणी उभी केली. एकानें जुन्या वाड्यांतच सोय केली, दुसऱ्यानें शेजारीं नवें घर बांधलें. दोन्ही मार्ग विचारपूर्वक घेतलेले होते, व दोन्ही आजपर्यंत टिकले आहेत. ‘गो’ या भाषेनें तर याहून अधिक वाट पाहिली. २००९ सालीं ती प्रसिद्ध झाली तेव्हांपासून इंटरफेस तिच्यांत होते. जेनेरिक्स मात्र २०२२ च्या मार्चमध्यें आले.

या दोन कल्पनांचें खरें सामर्थ्य त्यांच्या संगमांत आहे. वस्तू क्रमानें लावण्याचें काम घ्या. आंकडे असोत, नांवें असोत वा तारखा असोत, क्रम लावण्याची कृति एकच. परंतु ती वाटेल त्या अमुकास लागूं पडणार नाहीं. ज्या वस्तूंत लहान कोण व मोठें कोण हें सांगतां येत नाहीं, त्यांचा क्रम कसा लावणार? म्हणून तेथें अमुकास अट घालतात: ‘अमुक, परंतु ज्यानें तुलनेचें पद स्वीकारलें आहे असाच अमुक’. जावांत या पदास ‘कम्पेरेबल’ म्हणतात. जो क्लास हें पद घेतो, त्यानें दोन वस्तूंपैकीं आधीं कोणती व नंतर कोणती एवढें सांगावयाचें. क्रम लावणारी कृति एकदांच लिहिलेली असते, व ती सर्वांच्या उपयोगीं पडते.

येथें एका मर्यादेकडे लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें. कंपायलर वचनाचें रूप तपासतो, सचोटी तपासूं शकत नाहीं. २०११ सालीं जावाच्या सातव्या आवृत्तींत क्रम लावण्याची नवी, अधिक चलाख कृति बसविण्यांत आली. तेव्हां वर्षानुवर्षें विनातक्रार चाललेले कांहीं प्रोग्राम एकाएकीं मोडूं लागले. शोध करितां दोष जुन्या तुलनेंत निघाला. तुलनेचें पद घेणारे कांहीं क्लास परस्परविसंगत उत्तरें देत होते: पहिली वस्तु दुसरीहून मोठी, दुसरी तिसरीहून मोठी, आणि तिसरी पुन्हां पहिलीहून मोठी! जुन्या कृतीनें तें चालवून घेतलें होतें. नव्या कृतीनें हटकलें. याच विषयावर लिस्कोव्ह यांनीं १९८७ सालीं जो विचार मांडला तो सर्वमान्य झाला आहे. मोठ्या जातीच्या जागीं तिची पोटजाति आली असतां, मोठ्या जातीवर विसंबलेल्या कोणाचीहि निराशा होतां कामा नये, असा त्याचा आशय आहे.

वचनाचा अर्थ सुटला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आकाशांत घडलें. मंगळाकडे १९९८ च्या डिसेंबरांत निघालेलें ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हें अमेरिकन यान १९९९ च्या सप्टेंबरांत नष्ट झालें. यानाच्या लहान रॉकेटांच्या रेट्याचे आंकडे एक प्रोग्राम पौंडांच्या मापांत देत होता, व दुसरा ते न्यूटनच्या मापांत आहेत असें धरून चालला होता. या दोन मापांत सुमारें साडेचार पटींचा फरक आहे. कराराच्या कागदांत न्यूटनच लिहिलेला होता; परंतु एका प्रोग्रामाकडून दुसऱ्याकडे जात होते ते नुसते आंकडे, मापाच्या चिठ्ठीवांचून. अशी चिठ्ठी प्रोग्रामांतच गुंफिली असती, तर ही चूक पृथ्वीवरच अडविण्यास एक संधि तरी मिळती.

तथापि या साधनांचा अतिरेकहि होतो. ज्या कामास एकच करणारा आहे व दुसरा येण्याचा संभव नाहीं, त्यासाठींहि कित्येक तरुण आधीं पद निर्माण करितात. एका अमुकाऐवजीं चार अमुक घालून ठेवितात. आणि वाचणारास मूळ काम कोठें होतें हेंच सांपडेनासें होतें. रोजच्या देवपूजेस कोणी सोळा ऋत्विज बोलावीत नाहीं. प्रथम प्रत्यक्ष काम लिहावें. तशाच जातीचें दुसरें, तिसरें काम समोर आलें, म्हणजे त्यांतील समान भाग ओळखून अमुक योजावा, हाच क्रम शहाणपणाचा होय.

तेव्हां घरांतील वडील मंडळींस आमची एवढीच सूचना आहे. नातू वा नात पुढल्या वेळीं संगणकापुढें कपाळास आंठ्या घालून बसलेली दिसली, तर ‘काय करतोस?’ असें न विचारतां ‘या पदानें वचन काय दिलें आहे, आणि येथें अमुक कोण?’ असें विचारून पाहावें. प्रश्न ऐकून मूल प्रथम चकित होईल हें खरें. पण नंतर तें खुर्ची ओढून शेजारीं बसवून घेईल, अशी आमची खात्री आहे.