तडा शोधण्याची सक्ती

पत्र्याची पट्टी एकाच जागी पुनःपुन्हा वाकविली की ती अखेर तुटते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तुटण्यापूर्वी तेथे बारीक तडा गेलेला असतो. त्याकडे मात्र कोणी पाहत नाही. १७ एप्रिल २०१८ रोजी न्यूयॉर्कहून डल्लासला निघालेल्या साउथवेस्ट कंपनीच्या बोइंग ७३७ विमानाच्या डाव्या इंजिनातील पंख्याचे एक पाते असेच तुटले. इंजिनाच्या आवरणाचा तुकडा आदळून खिडकी फुटली आणि एका महिला प्रवाशाचा अंत झाला. वैमानिकांनी प्रसंगावधान राखून विमान फिलाडेल्फियास उतरविले.

या घटनेस दैवाचा घाला म्हणण्यास आमची तयारी नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याच कंपनीच्या दुसऱ्या विमानात, त्याच जातीच्या इंजिनाचे पाते असेच तुटले होते. इंजिनाच्या निर्मात्यांनी जून २०१७ मध्ये श्राव्यातीत ध्वनिलहरींनी पाती तपासण्याची शिफारस केली. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने सक्तीचा मसुदा प्रसिद्ध केला. मग अभिप्राय आले, काही कंपन्यांनी वाढीव मुदत मागितली आणि मसुदा मसुदाच राहिला. युरोपीय नियंत्रकांचा आदेश अपघाताच्या पंधरवडाभर आधी अमलात आला, पण त्यातही नऊ महिन्यांची सवलत होती! अमेरिकेचा तातडीचा आदेश निघाला २० एप्रिलला: ३०,००० हून अधिक उड्डाणे झालेली पाती वीस दिवसांत तपासावीत. आठ महिने जे साधले नाही ते मृत्यूनंतर तीन दिवसांत साधले.

मसुद्याचा वेळीच आदेश झाला असता तर हेच पाते हाती लागले असते, असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. विमान जमिनीवर अडकून पडले की कंपनीस भुर्दंड पडतो, हेही आम्ही जाणतो. परंतु हा तडा पात्याच्या बुडाशी, चकतीच्या खाचेत बसणाऱ्या भागात होता. ३२,००० हून अधिक उड्डाणे केलेले हे पाते २०१२ साली रंगद्रव्याच्या कसोटीतून निर्दोष ठरून बाहेर पडले होते. तडा तेव्हाही बहुधा होताच, असा तपासाधिकाऱ्यांचा निष्कर्ष आहे. जुनी कसोटी जेथे फसते तेथे नव्या कसोटीची नुसती शिफारस करून भागत नाही, आणि पहिले पाते २०१६ सालीच तुटलेले असताना तर मुळीच नाही.

याच जातीची इंजिने लावलेली विमाने आपल्या देशातही उडतात. दुर्घटनेनंतर अमेरिकेत फेरतपासणीचे अंतर प्रथम ३,००० उड्डाणांचे ठरले. त्याच वर्षी ते १,६०० वर आणावे लागले.