वॉच, वॉर्निंग आणि आजींच्या गोळ्या

मित्रमैत्रिणींनो, आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मोठ्या मनाने माफ करा. मी इंग्लिश सेक्शनमध्येच लिहिणार होते, पण ही सगळी गोष्ट आमच्या घरात मराठीतून घडली. ती इंग्लिशमध्ये सांगायला गेले तर तिची मजाच जाईल. आणि भीतीसुद्धा.

माझी मावशी अमेरिकेत आयोवा राज्यात राहते. काउंटीचं नाव लिन (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), गाव सीडर रॅपिड्स. अमेरिकेच्या नकाशात मधोमध, पण थोडं वर बघा. तिथे समुद्र नाही, मोठे डोंगर नाहीत, नजर जाईल तिथपर्यंत मका. मावशी तिथे राहायला गेली तेव्हा आई म्हणाली होती, "बरं झालं बाई, शांत जागा आहे." आता आठवलं की आम्ही सगळे हसतो. तेव्हा हसू आलं नव्हतं.

त्या रात्रीचा फोन

१० ऑगस्ट २०२० ला तिथे दुपारचे साडेबारा वाजून गेले होते आणि आपल्याकडे रात्रीचे अकरा. मी तेव्हा नववीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने नेहमीसारखा मावशीला फोन लावला, तर लागेना. काकांचाही लागेना. नेट उघडल्यावर कळलं की तिकडे फार मोठं वादळ झालंय. दोन दिवस आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. रेंज मिळेपर्यंत गाडी चालवत ते गावाच्या पार बाहेर आले होते. "सगळे आहेत," एवढं एक वाक्य बोलले आणि आई रडायलाच लागली.

त्या वादळाचं नाव डेरेचो. मी तोपर्यंत हा शब्द ऐकलाही नव्हता. गंमत म्हणजे हवामानशास्त्रात हा शब्द आणला आयोवामधल्याच गुस्टावस हिनरिक्स नावाच्या प्रोफेसरांनी, १८८८ साली. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'सरळ'. टॉर्नेडो गोल फिरतो, डेरेचो सरळ धावत येतो. मोठ्या ढगांमधली पावसाने थंड आणि जड झालेली हवा जोरात खाली आपटते आणि जमिनीवर पुढे पसरते. पुढची गरम, दमट हवा तिच्यामुळे वर ढकलली जाते, त्यातून नवे ढग तयार होतात आणि तेही पुन्हा खाली आपटतात. म्हणजे हे इंजिन स्वतःचं इंधन स्वतःच गोळा करत पुढे जातं. २०२० चा डेरेचो साउथ डाकोटापासून ओहायोपर्यंत, १४ तासांत सुमारे १२४० किलोमीटर गेला. सीडर रॅपिड्समध्ये वाऱ्याचा वेग ताशी २२५ किलोमीटरपर्यंत गेला असावा असा अंदाज आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, हे आपल्याला शिकवलंय. म्हणजे ताशी १०० च्या वाऱ्यापेक्षा हा दाब पाचपट! गावातली निम्म्याहून जास्त झाडी गेली. काही अपार्टमेंट राहण्यालायक उरली नाहीत आणि तिथली निर्वासित कुटुंबं बाहेर तंबूत राहिली.

पण गाव तर पुराच्या तयारीत होतं

गावाला वाईट अनुभव नव्हता असं नाही. सीडर नदी गावाच्या मधून जाते. १८५१ आणि १९२९ मध्ये ती २० फुटांपर्यंत चढली होती आणि तोच रेकॉर्ड होता. १३ जून २००८ ला ती ३१.१२ फुटांवर गेली. सुमारे ११ फूट जास्त! गावाची सिटी हॉल, काउंटीचं कोर्ट आणि जेल हे सगळं नदीतल्या एका बेटावर होतं. म्हणजे लोकांना मदत करणारं प्रशासन स्वतःच पाण्यात. पाणीपुरवठ्याच्या विहिरी बंद पडल्या, शेवटची एक उरली. ती शेकडो लोकांनी रात्री वाळूची पोती रचून वाचवली.

आता सिव्हिलवाल्यांनो, हायड्रॉलॉजीचा 'रिटर्न पिरियड' आठवा. '१०० वर्षांचा पूर' म्हटलं की लोकांना वाटतं, एकदा आला, आता आपल्या नातवंडांच्या वेळी येईल. चूक! त्याचा अर्थ एवढाच, की दर वर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का. तिकडे घराचं कर्ज बहुतेक ३० वर्षांचं असतं. या ३० वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता काढा: १ मधून ०.९९ चा तिसावा घात वजा. उत्तर सुमारे २६ टक्के. म्हणजे चारात एक. एवढी शक्यता असली तर मी व्हायवाला तो टॉपिक ऑप्शनला टाकणार नाही! शिवाय तिथल्या घराच्या साध्या विम्यात पूर धरत नाहीत, त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो बहुतेक वेळा ३० दिवसांनी लागू होतो. ढग बघून घेऊन उपयोग नाही.

गाव मात्र यातून शिकलं. सप्टेंबर २०१६ मध्ये नदी पुन्हा सुमारे २२ फुटांवर गेली. या वेळी आधी काही दिवस मिळाले होते. तेवढ्यात मैलोन्‌मैल तात्पुरत्या भिंती उभ्या केल्या आणि बहुतेक गाव कोरडं राहिलं. आणि चार वर्षांनी आला वारा, जो भिंतीवरून सरळ आत येतो.

माझा मुद्दा इथेच आहे. पूर येतो तेव्हा काही दिवस हातात असतात. डेरेचो आला तर फार तर तासभर. टॉर्नेडोला दहा-पंधरा मिनिटं, कधी तेवढीही नाहीत. आपण डिझाइन करताना 'वर्स्ट केस' धरतो ना? मग घराची तयारीसुद्धा सगळ्यात कमी वेळ धरून करायला हवी. म्हणजेच आधीच. दुसरं म्हणजे, संकटाचं नाव काहीही असो, नंतरचे दिवस सारखेच असतात. लाइट नाही, फोन नाही, कधी पाणी नाही. तयारी त्या दिवसांची करायची.

मावशीचं काय चुकलं

त्या वेळी मावशीच्या सासूबाई तिथे होत्या. जानेवारीत सांगलीहून गेल्या आणि कोविडमुळे विमानं बंद झाल्यावर अडकल्या. त्या दिवशी मावशी दुकानात गेलेली, काका वरच्या खोलीत हेडफोन लावून मीटिंगमध्ये. आजी एकट्या किचनमध्ये. टेबलावरचा फोन मोठ्याने कोकलला. आजींना वाटलं गजर झाला, त्यांनी तो बंद केला. अलर्ट इंग्लिशमध्ये होता. थोड्या वेळाने काका धावत खाली आले आणि त्यांना ओढत बेसमेंटमध्ये घेऊन गेले. नंतर वर येऊन पाहिलं तर किचनच्या खिडकीची काच आजींच्या खुर्चीवर होती. मावशी पडलेल्या झाडांवरून चढत दोन मैल चालत घरी आली. तोपर्यंत कोण कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

बेसमेंटमध्ये टॉर्च होता, पाणीही होतं. पण आजींच्या बीपीच्या गोळ्या पाच दिवसांच्याच उरल्या होत्या आणि केमिस्ट बंद. सगळे नंबर फोनमध्ये आणि फोन बंद. पाकिटात कार्ड होती, रोख नाही. लाइट नसेल तर एटीएम नाही, पेट्रोल पंपसुद्धा नाही. त्यांच्याकडे लाइट दहाव्या दिवशी आली.

आता मावशीच्या घरात असं आहे:

१. पाणी: माणशी रोज एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर. चार माणसं, तीन दिवस, सुमारे ४५ लिटर. हे कमीत कमी.

२. दोन आठवड्यांची औषधं, थोडी रोख आणि महत्त्वाचे नंबर कागदावर.

३. बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ. गावातले सायरन घराबाहेरच्या लोकांसाठी असतात, झोपलेल्या माणसाला ते ऐकू येतीलच असं नाही.

४. बेसमेंटच्या सम्प पंपाला बॅटरी. नाहीतर पावसात लाइट गेली की पंपही गेला आणि लपायची जागाच तळं होते.

५. लाइट गेली की फ्रिज उघडायचा नाही. बंद ठेवला तर आतलं साधारण ४ तास टिकतं, भरलेल्या फ्रीझरमधलं ४८ तास.

६. जनरेटर घरापासून निदान ६ मीटर लांब. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वादळातून वाचलेली माणसं नंतर त्याने जातात.

७. वादळ गेल्यावर सगळ्यांनी एकाच माणसाला फोन किंवा मेसेज करायचा, आणि तोही दुसऱ्या गावातल्या. ती माणूस म्हणजे आमची आई. गावातलं नेटवर्क कोलमडलं तरी कधी कधी बाहेरचा मेसेज जातो.

आणि फ्रिजवर मावशीने मराठीत एक कागद चिकटवलाय. आजींना 'वॉच' आणि 'वॉर्निंग' यातला फरक काही केल्या लक्षात राहीना, म्हणून मावशीने लिहिलं: "वॉच म्हणजे दूध गॅसवर ठेवलंय, लक्ष ठेवा. वॉर्निंग म्हणजे दूध उतू चाललंय, धावा! (बेसमेंटकडे.)" मला वाटतं, जगातल्या कुठल्याही हवामान खात्याला इतकं सोपं जमलं नसेल.

आजी आता सांगलीला परत आल्यात. कृष्णेचे पूर त्यांनी आयुष्यभर पाहिलेत. त्या म्हणतात, "पाणी येताना दिसतं गं, वारा दिसत नाही. म्हणून पिशवी भरलेली असावी." त्यांच्या कपाटात आता एक पिशवी कायम भरलेली असते. गोळ्या, टॉर्च, चष्मा, नंबरांची वही.

मी हे लिहायला बसले तेव्हा स्वतःलाच विचारलं, आईचा नंबर मला तोंडपाठ आहे का? नव्हता! आता पाठ केलाय. तुमचं काय?

— टी. ई. सिव्हिल