स्वस्त माइक जरूर विका, खोटा माइक नको!



साउंडच्या धंद्यात उतरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न असतो. काहीजण तो बॅचमध्ये उघड विचारतात, काहीजण बॅच संपल्यावर हळूच विचारतात. "मोठ्या ब्रँडचा माल गिऱ्हाइकाला परवडत नाही. तसाच दिसणारा, तसाच चालणारा स्वस्त माल ठेवला तर काय बिघडलं? सगळेच ठेवतात की!"

प्रश्न रास्त आहे. भजनी मंडळ, गणपती मंडळ, छोटा बँड, नवीन यूट्यूबर, सगळ्यांना आवाज हवा असतो आणि बजेट आधीच ठरलेलं असतं. त्यांच्यासाठी स्वस्त माल लागतोच. घोळ होतो तो 'कॉपी' या शब्दामुळे. या एका शब्दात आपण चार वेगळ्या गोष्टी कोंबतो. त्यातल्या काही बिनधास्त करता येतात आणि एकीसाठी थेट तुरुंग आहे. त्या सुट्या करून बघू.

सुरुवात एका दुकानदारापासून

जिम मार्शल हे नाव गिटारवाल्यांना सांगायला नको. पण हा माणूस मुळात ड्रम शिकवणारा आणि लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचं दुकान चालवणारा. दुकानात येणाऱ्या पोरांना अमेरिकेतले फेंडर अ‍ॅम्प हवे असायचे, पण आयात माल महाग पडायचा. १९६२ मध्ये मार्शल आणि त्यांच्या दुकानातल्या तंत्रज्ञांनी फेंडरचा 'बासमन' अ‍ॅम्प समोर ठेवला आणि जवळपास त्याच सर्किटवर स्वतःचा अ‍ॅम्प बांधला. नाव ठेवलं जेटीएम ४५.

म्हणजे मार्शल ब्रँडची सुरुवातच नकलेतून झाली. मग आपण त्यांना चोर का म्हणत नाही? तीन कारणं आहेत. एक, अ‍ॅम्पवर त्यांनी स्वतःचं नाव लावलं. दोन, जे गिऱ्हाईक खरोखर अडलेलं होतं त्याची अडचण सोडवली. तीन, इंग्लंडमध्ये मिळणारे सुटे भाग आणि स्पीकर वापरले, चार स्पीकरची बंद पेटी जोडली आणि आवाजच बदलला. पुढे त्या आवाजासाठीच लोक मार्शल मागू लागले.

फेंडरची सुरुवातीची सर्किटंही व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तिकांमधल्या नमुन्यांवर बेतलेली होती. कोऱ्या कागदापासून कुणीच सुरुवात करत नाही. बघायचं ते हे की तुम्ही नक्की काय उचलताय.

नकलेच्या चार पायऱ्या

पहिली पायरी: कल्पना. हातात धरायचा गाण्याचा माइक, ब्लूटूथवर चालणारा पार्टी स्पीकर, या कल्पना कुणाच्या मालकीच्या नाहीत. बिनधास्त घ्या.

दुसरी पायरी: आतलं काम. नव्या तंत्राला पेटंट मिळू शकतं. भारतात त्याची मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षं. ती संपली की तंत्र सगळ्यांचं. रॉबर्ट मूग यांच्या प्रसिद्ध फिल्टरचं पेटंट १९६९ चं, म्हणजे केव्हाच संपलेलं. मूग कंपनीने २०१६ मध्ये आपला जुना मिनीमूग सिंथेसायझर पुन्हा आणला तेव्हा किंमत होती सुमारे ३,५०० डॉलर. त्यानंतर बेरिंजर कंपनीने त्याच सर्किटवर आधारलेला, पण कीबोर्ड नसलेला 'मॉडेल डी' साधारण ३०० डॉलरला काढला. अनेक विद्यार्थ्यांच्या हातात तो आवाज पहिल्यांदा आला. काही जुन्या लोकांना ते अजिबात रुचलं नाही. दोघांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे.

याच बेरिंजरवर १९९७ मध्ये मॅकी या अमेरिकी मिक्सर कंपनीने खटला भरला होता. १९९९ मध्ये तिथल्या कोर्टाने मॅकीचा कॉपीराइटचा दावा फेटाळला. कारण दिलं की सर्किटला कॉपीराइटचं संरक्षण नसतं.

तिसरी पायरी: चेहरा. इथून जमीन निसरडी होते. बॉस कंपनीचे गिटार पेडल रंगावरून आणि आकारावरून लांबून ओळखू येतात. बेरिंजरने तशाच दिसणाऱ्या पेडलची रांग काढली, तेव्हा बॉसची मूळ कंपनी रोलंड २००५ मध्ये कोर्टात गेली. पुढच्या वर्षी समझोता झाला आणि बेरिंजरने पेडलचं रूप बदललं. भांडण आतल्या वायरिंगचं नव्हतंच, दिसण्याचं होतं. आपल्याकडे डिझाइन कायदा २००० नुसार नोंदवलेल्या डिझाइनला आधी १० वर्षं आणि मुदत वाढवली तर आणखी ५ वर्षं संरक्षण मिळतं.

चौथी पायरी: नाव. इथे चर्चा संपते. शूअर कंपनीचा एसएम ५८ हा माइक १९६६ पासून बाजारात आहे आणि त्याच्या नावाचे खोटे माइक जगभर विकले जातात. वरून डबा, जाळी, अक्षरं सगळं तसंच. आत कसलं कॅप्सूल असेल ते देवाला ठाऊक. अस्सल माइकचं वजन सुमारे २९८ ग्रॅम असतं. हातात घेताच हलका वाटला तर तिथेच थांबा. आपल्या ट्रेडमार्क कायद्यात (१९९९) खोटं नाव लावणारा आणि तसा माल विकणारा, दोघांनाही ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. "मी बनवला नाही, होलसेलवाल्याकडून आणला" एवढं म्हणून सुटका होत नाही. कुठून आणला, बिल कुठे, संशय का आला नाही, हे सगळं तुम्हालाच सांगावं लागतं. स्पेलिंगमध्ये एक अक्षर बदलून काढलेलं नावही सुरक्षित नाही.

बाजारात ज्याला गोडीने 'फर्स्ट कॉपी' म्हणतात, तो माल या चौथ्या पायरीवर बसतो. नाव गोड असलं तरी माल खोटाच.

कायदा गप्प असतो तिथे काय?

आता जरा अवघड भाग. अमेरिकेत बिल फिनेगन नावाच्या एका माणसाने १९९४ पासून 'क्लॉन सेंटॉर' हे गिटार पेडल हाताने बनवून विकलं. सगळे मिळून साधारण ८ हजार नग. सर्किट कुणाला दिसू नये म्हणून तो त्यावर इपॉक्सी ओतायचा. तरी लोकांनी ते खरवडून काढलंच आणि आज त्याच्या नकला कितीतरी कंपन्या विकतात. सर्किटपुरतं बोलायचं तर यात बेकायदा काही नाही. पण मोठ्या कंपनीच्या ५० वर्षं जुन्या मशीनची नक्कल आणि एकट्या माणसाच्या चालू धंद्याची नक्कल, दोन्ही तुमच्या मनाला सारख्याच वाटतात का? मला नाही वाटत. फिनेगनचा स्वतःचा उपाय मात्र शिकण्यासारखा आहे. त्याने २०१२ मध्ये आपल्याच पेडलची छोटी, सुटसुटीत आवृत्ती बाजारात आणली.

म्हणून माल ठेवण्याआधी किंवा असेंबल करण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. गिऱ्हाइकाला सगळं खरं सांगूनही हा माल विकला जाईल का? खरं सांगितल्यावर विक्री मोडत असेल तर तुम्ही माइक विकत नाही, गैरसमज विकताय.

२. ज्याचं काम उचललंय तो आज त्याच कामावर घर चालवतोय का?

३. यात माझं स्वतःचं काय आहे? चांगली केबल, जास्त वॉरंटी, मराठीतली माहितीपत्रिका, दुरुस्तीची सोय, काहीतरी हवं.

दुकानात उद्यापासून काय कराल?

वॉटचा खेळ बंद करा. डब्यावर हजारो वॉट 'पीएमपीओ' छापलेले असतात. त्या आकड्याला काही अर्थ नाही. गिऱ्हाइकाला आरएमएस वॉट सांगा. ते डब्यावर नसतील तर पुरवठादाराकडून लेखी मागा.

आत बघा. नक्कल करणारा बाहेरचा चेहरा मनापासून उतरवतो आणि फ्यूज, ट्रान्सफॉर्मर, अर्थिंग यांच्यात पैसे वाचवतो. पावसात, ओल्या मंडपात, लोखंडी माइक हातात धरून कुणीतरी उभं असतं. तिथे शॉक बसला तर प्रश्न मार्जिनचा राहत नाही, माणसाच्या जिवाचा होतो.

डबा वाचा. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनला ते आणि एमआरपी असलीच पाहिजे. पॉवर अ‍ॅडॅप्टर आणि वायरलेस इअरफोनवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक बघा. पुरवठादाराचं पक्कं बिल जपून ठेवा.

बिलावर खरं नाव लिहा. मोठ्या ब्रँडच्या नावापुढे 'टाइप' किंवा 'सारखा' लिहून विकू नका. बोलताना सरळ सांगा, "काका, हा त्या मोठ्या कंपनीचा नाही. या कंपनीचा आहे, किंमत इतकी कमी आहे. आवाजात हा फरक आहे, दोन्ही ऐकून बघा." दोन्ही माइक एकाच स्पीकरला लावून ऐकवा. फरक पटून जो स्वस्त माल घेतो तो भांडायला परत येत नाही. पुढची खरेदी करायला येतो.

उद्या तुमची नक्कल होईल

धंदा चालला की शेजारचा तुमच्याचसारखी पेटी बनवणार, हे धरूनच चाला. ब्रँडचं नाव आधी नोंदवा. वैयक्तिक अर्जदार, स्टार्टअप किंवा लघुउद्योग यांना ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. डिझाइनच्या अर्जाचं शुल्क १,००० रुपये. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, डिझाइनचा अर्ज माल लोकांना दाखवण्याआधी करायचा. आधी प्रदर्शनात मांडलं, रील टाकली आणि मग अर्ज केला, तर ते डिझाइन 'नवीन' राहत नाही आणि हक्क हातचा जातो.

आता गृहपाठ. कागदावर चार रकाने आखा: कल्पना, काम, चेहरा, नाव. दुकानातला किंवा तुमच्या यादीतला प्रत्येक माल एकेका रकान्यात टाका. एका मालाबद्दल दोन रकान्यांत गोंधळ झाला तर पुढचा, म्हणजे जास्त धोक्याचा रकाना धरा. चौथ्या रकान्यातला माल या आठवड्यात पुरवठादाराला परत करा. तिसऱ्यातल्या मालाबद्दल चौकशी करा. पहिल्या दोन रकान्यांत जे उरेल तो तुमचा खरा धंदा आहे, त्याच्यावर मान वर करून पाटी लावा.