करडू दोन उड्या मारून धापा टाकतंय?

शेळीपालक सभासदांनो, करडू थोडं पळालं की दम लागून बसतं, हिरड्या निळसर दिसतात, तर नुसता अशक्तपणा समजू नका. न्यूमोनिया, जन्मजात हृदयदोष किंवा सेलेनियम-ई जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. या कमतरतेत हृदयाचा स्नायू खराब होतो आणि करडू धावपळीत अचानक दगावतं.

१) कळपातून काढून आईसोबत कोरड्या, उबदार जागी ठेवा. पळवू नका.
२) अंग गार असेल तर आधी ऊब, मग दूध. थोडं थोडं, ५-६ वेळा. आडवं पाडून पाजू नका.
३) शांत असताना मिनिटाचे श्वास मोजून लिहा.
४) सेलेनियमचं इंजेक्शन मनाने देऊ नका, जास्त झालं तर विषबाधा होते. आजच डॉक्टरांना दाखवा किंवा १९६२ ला फोन करा.