मिसळणीची चार बोटे

नायलॉनमध्ये रबर मिसळून त्याला चिवट कसे करतात हे पाहण्यासाठी संपादकांनी मला वसईच्या एका कारखान्यात पाठविले. नायलॉन बळकट व उष्णतेला टिकणारे खरे. परंतु त्यावर बारीकशी खाच पडली असता एकाच आघाताने ते तडकते, आणि म्हणून मोटारीच्या भागांसाठी त्यात सुमारे पंचमांश रबर घालण्याची वहिवाट आहे. कचेरीत दाखविलेल्या कागदावर जिन्नसांची टक्केवारी तपशीलवार होती. तथापि तोच माल, त्याच प्रमाणात, निराळ्या रीतीने यंत्रातून काढला तर एक पट्टी वाकते व दुसरी मोडते, याचा खुलासा त्या कागदात नव्हता.

यंत्र म्हणजे एकाच दिशेने फिरणाऱ्या, एकमेकांत गुंतलेल्या दोन स्क्रूंचा एक्स्ट्रूडर. जर्मनीत रुडॉल्फ एर्डमेंगर यांनी १९४० च्या दशकात त्याची रचना सिद्ध केली व पावाच्या कणकेची मळणयंत्रे करणाऱ्या वेर्नर आणि फ्लायडेरर या पेढीने पुढल्या दशकात ते बाजारात आणले. मला मात्र खिळवून ठेवले ते स्क्रूच्या मध्यावरील नीडिंग ब्लॉकने. एकमेकींशी कोन करून ओवलेल्या लंबवर्तुळाकार चकत्यांचा हा संच. काटकोनात लावल्या तर त्या माल पुढे ढकलीत नाहीत, केवळ मळीत राहतात.

त्या दिवशी भरल्या पोटी यंत्र थांबवून दोन्ही स्क्रू बाहेर ओढले होते. पितळी ब्रशाने आटे साफ करणाऱ्या ऑपरेटरने मला जवळ बोलावले. हॉपरकडील बाजूस अखंड दाणे, मग अर्धवट वितळलेल्या दाण्यांना लपेटलेले रबराचे पापुद्रे, आणि ब्लॉक संपताच एकजीव, पिवळसर रस. "साहेब, जे व्हायचं ते या चार बोटांत होतं," तो म्हणाला, "पुढं नुसतं वाहत जातं."

त्याच्या बोलण्याला शास्त्राचा आधार आहे. मिनेसोटा विद्यापीठातील स्कॉट व मॅकोस्को यांनी १९९१ साली दाखविले की, मऊ होणाऱ्या दाण्यावरून आधी पापुद्रे ओढले जातात, त्यांना भोके पडून जाळी होते, जाळी तुटून तिचे थेंब होतात, आणि मिलिमीटरपासून मायक्रॉनपर्यंतचा हा प्रवास बव्हंशी वितळण्याच्या वेळीच उरकतो. नायलॉन ६ सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळते, रबर त्याच्या कितीतरी आधी मऊ होते. त्यामुळे अल्पसंख्य रबरच प्रथम नायलॉनला वेढते, आणि नायलॉन वितळल्यावर ही व्यवस्था उलटावी लागते. ती पुरती उलटली नाही तर माल फसलाच.

अडचणी येथूनच सुरू होतात. उष्णता वाढविली तर रस पातळ होऊन थेंबांवरील ओढ घटते. कमी ठेवली तर दाणे अर्धे कच्चे राहतात. थेंब सभोवारच्या रसाच्या सुमारे चौपटीहून अधिक घट्ट असेल तर नुसत्या घर्षणाच्या प्रवाहात तो फुटत नाही, गरगरत राहतो, हे ग्रेस या संशोधकाने १९८२ साली नोंदविले. त्याला ताणणारा प्रवाह हवा, आणि तो चकत्यांच्या अरुंद होत जाणाऱ्या फटीत मिळतो. वेग वाढवावा तर घर्षणाने रस तापून रेणूंच्या साखळ्या तुटतात. अधिक वेळ मळले म्हणजे अधिक मिसळते हाही भ्रमच, कारण फुटलेले थेंब पुन्हा एकमेकांस मिळतात. रबरास आधीच मॅलेइक अनहायड्राइड जोडून नायलॉनशी त्याचा रासायनिक सांधा जुळविला, तरच त्या मिलाफास आळा बसतो. आणि पावसाळ्यात नायलॉन सुकविण्यात हयगय झाली तर दमटपणाने त्याच्या साखळ्या यंत्रातच तुटतात, रस पातळ होतो व जुळवून आणलेले घट्टपणाचे गुणोत्तर बिघडते. प्रयोगशाळेतील लहान यंत्रावर साधलेले मोठ्यावर साधेलच असे नाही, कारण आकार वाढता आतील माल घनाने वाढतो, उष्णता नेणारी भिंत केवळ वर्गाने.

मला चिंता वाटते ती अशी की, हे सारे ज्ञान पाळीच्या ऑपरेटरच्या हातात आहे व दफ्तरात त्याची नोंद नाही. दाण्याच्या पोत्यासोबत टक्केवारीचा कागद जातो. स्क्रूचा वेग, बॅरलच्या प्रत्येक भागाचे तापमान, फीडचा दर व सुकवणीचे तास मात्र जात नाहीत. कारखानदारांनी प्रत्येक बॅचची ही नोंद ठेवावी, ऑपरेटरच्या सहीनिशी ठेवावी, आणि साचेवाल्याने मागितल्यास त्याला ती दाखवावी.