विश्लेषण : बिघडलेल्या सर्किट बोर्डातील दोष थर्मल कॅमेरा कसा शोधतो?

तळेगाव दाभाडे येथे होऊ घातलेला वेदांत-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प २०२२ मध्ये गुजरातकडे गेला, तेव्हा बरीच चर्चा झाली. तळेगाव-चाकण पट्ट्यातील कारखान्यांचा रोजचा प्रश्न मात्र त्याहून लहान, अक्षरशः तळहाताएवढा आहे. सीएनसी मशिनच्या ड्राइव्हमधील एखादे कार्ड जाते आणि उत्पादन थांबते. नवे कार्ड मागवायचे तर वाट पाहावी लागते. दुरुस्त करायचे तर शेकडो सुट्या भागांतून गेलेला भाग शोधावा लागतो. तिथे थर्मल कॅमेरा कामी येतो.

कॅमेरा नेमके काय पाहतो?

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण सोडते. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये ते तापमापीच्या साह्याने ओळखले. थर्मल कॅमेरा साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे हे किरण टिपून त्यांचे रंगीत चित्र बनवतो. म्हणजे त्याला दिसते ती फक्त पृष्ठभागाची उष्णता. दोष तंत्रज्ञालाच ओळखावा लागतो.

‘शॉर्ट’ कसा सापडतो?

कार्डावरची ५ व्होल्टची लाइन ग्राउंडशी शॉर्ट झाली की मल्टिमीटर ‘बीप’ करतो. पण त्या लाइनवर तीस-चाळीस कपॅसिटर समांतर जोडलेले असतील, तर त्यांपैकी दोषी कोणता, हे तो सांगत नाही. एकेक काढून पाहायचे म्हटले तर बोर्डाचे ट्रॅक उखडण्याची भीती. त्याऐवजी बेंच पॉवर सप्लायवर व्होल्टेज एक व्होल्टच्या आसपास आणि करंटला मर्यादा ठेवून त्या लाइनला वीज देतात. शॉर्ट झालेल्या भागाचा रोध अर्धा ओहम असेल आणि त्यातून एक अँपिअर करंट गेला, तर तिथे अर्धा वॉट उष्णता तयार होते. तिळाएवढा कपॅसिटर तेवढ्याने काही सेकंदांत तापतो आणि स्क्रीनवर ठिपका उजळतो.

शॉर्ट अगदी पक्का, म्हणजे जवळपास शून्य रोधाचा असेल, तर मात्र तो भाग गारच राहतो आणि त्याच्याकडे जाणारा ट्रॅक तापतो. अशा वेळी उष्णतेची वाट जिथे संपते, तिथे पाहावे लागते.

फसगत कुठे होते?

सर्वाधिक चमकदार धातूमुळे. सोल्डर किंवा धातूचे झाकण स्वतः फार कमी किरण सोडते, उलट समोरच्याचे परावर्तित करते. वाकून पाहणाऱ्या तंत्रज्ञाचा चेहराच ‘गरम भाग’ म्हणून दिसू शकतो! म्हणून तिथे कॅप्टन टेप चिकटवतात. काच किंवा अॅक्रिलिकच्या झाकणातून तर काहीच कळत नाही.

शिवाय तापलेला भाग दोषीच असतो असे नाही. पुढची चिप जास्त करंट ओढत असली, तरी बिचारा रेग्युलेटर तापतो. त्यामुळे तसेच चांगले कार्ड शेजारी ठेवून दोन्ही चित्रे ताडून पाहणे हा सर्वांत भरवशाचा उपाय.

मोबाइलला जोडायचे लहान कॅमेरेही चालतात, पण बारीक भागांसाठी क्लोज-अप लेन्स हवी. ड्राइव्ह उघडण्यापूर्वी मात्र थांबावे. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ५८५ व्होल्ट साठतात, आणि स्विच बंद केल्यावरही ते काही मिनिटे तसेच राहू शकतात. हा धोका थर्मल कॅमेऱ्यात दिसत नाही. तो मल्टिमीटरनेच तपासावा लागतो.