पांगुळगाड्यानंतर सुतारांना नवे काम

उंद्रीच्या (ता. चिखली) सुताराला पांगुळगाडा शिकवावा लागत नाही. मूल चालू लागले की तो माळ्यावर जातो नि हाती मोबाईल येतो. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास पडदा नि किमान तीन तास हालचाल, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. इथेच बिनपायडलची सायकल, म्हणजे बॅलन्स बाईक, कामी येते. जमिनीला पाय रेटत मूल तोल शिकते. जर्मनीतल्या ड्राईसची १८१७ ची लाकडी गाडीही अशीच होती! बैठक मात्र तळपाय पुरते टेकतील एवढीच उंच ठेवावी, कडा घासून घ्याव्यात. २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना सूट आहे. कारागीर बंधूंनी ही नोंदणी आधी करावी, असे आम्ही सुचवतो.